२५ जुलै १५८३ : कुंकळ्ळीचे हुतात्मे

गोव्यातील साष्टीच्या कुंकळ्ळी गावात २५ जुलै १५८३ रोजी (जुन्या पंचांगानुसार १५ जुलै) फादर रुडोल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार जेझुइट सहकारी मारले गेले. चर्चसाठी जागा पाहायला ते निःशस्त्र गेले होते. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये त्यांना हुतात्मे म्हणून ‘धन्य’ घोषित केले.

अक्वाविवांच्या श्रद्धेवर शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्यांचा बळी निव्वळ धर्मद्वेषाने घेतला, हे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही. पोर्तुगिजांनी साष्टीतील देवळे पाडली होती, कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला हलवावी लागली होती, आणि मृतांपैकी फादर बेर्नो तर देवळे पाडण्यात स्वतः सामील होते. अक्वाविवांनी देऊळ पाडले नव्हते, हा आक्षेप रास्तच. पण त्याचे उत्तर त्यांच्याच चरित्रात सापडते. १५८० पासून सुमारे तीन वर्षे ते फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी मौलवींशी उघड वाद घालत होते, तरी केसालाही धक्का लागला नाही. माणूस तोच, श्रद्धाही तीच. फतेहपूर सिक्रीत त्यांच्यामागे पोर्तुगीज फौज नव्हती, साष्टीत होती. गावकऱ्यांचा राग त्या फौजेवर होता, आणि तो निःशस्त्रांवर निघाला हे मात्र समर्थनीय नाही.

पुढे पोर्तुगिजांनी बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या १६ नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि विनाखटला ठार केले. नदीत उडी घेतलेला एक तेवढा वाचला. त्या नायकांचे स्मारकही आज कुंकळ्ळीत उभे आहे.