दिनदर्शिकेतील सोय बंद झाल्यास

गूगल कॅलेंडरने एसएमएसद्वारे आठवण करून देण्याची सोय ७ जानेवारी २०१९पासून बंद केली. अ‍ॅपमधील सूचना पुरेशी आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. स्मार्टफोनधारक पुणेकरास ते पटण्याजोगे. परंतु शिरूर तालुक्यातील केंदूरच्या घरी ज्याच्या हाती साधा मोबाइल आहे, त्याचे काय? एसएमएसला इंटरनेट लागत नव्हते, हीच त्याची थोरवी होती.

अशा वेळी सोय फोनमधून गेली की कंपनीच्या सर्व्हरवरून, हे प्रथम पाहावे. हे एसएमएस सर्व्हरवरून निघत. त्यामुळे अ‍ॅपची जुनी आवृत्ती जपून काहीच साधले नसते. सुरक्षेच्या दृष्टीनेही ते बरे नव्हे. केवळ मांडणी बदलली असेल, तर हरवलेली सोय सेटिंग्जमध्ये सापडू शकते.

नोंदी मात्र हलवता येतात. संगणकावर कॅलेंडरच्या सेटिंग्जमधून ‘एक्सपोर्ट’ केल्यास आयसीएस फाइल मिळते. १९९८मध्ये ठरलेला हा नमुना अ‍ॅपल व मायक्रोसॉफ्टच्या दिनदर्शिकाही वाचतात. आठवणीच्या वेळा सोबत येतीलच असे नाही. त्या तपासून पुन्हा लावाव्यात.

तिथीने येणारे श्राद्ध वा गावची यात्रा यांची नोंद ‘दरवर्षी’ म्हणून करू नये. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने तारीख सरकते. अशा नोंदी दरसाल पंचांग पाहून हातानेच कराव्यात आणि केंदूरला आदल्या संध्याकाळी फोन करावा.