मावशीचा प्रश्न आणि कुरुमची हिरवळ



हिवाळा आला की मस्कतची आपली मराठी मंडळी कुरुमच्या बागेत चटया टाकतात. बटाटेवडे, पत्ते, पोरांची धावाधाव. मीही वर्षानुवर्षं हेच करत आलो. एकदा पुण्याहून मावशी आली होती. हिरवळीवर टेकता टेकता तिनं विचारलं, "अरे, इथे पाऊस नाही, नदी नाही. मग ही हिरवळ कोणाच्या पाण्यावर?" मला सांगता येईना. इतकी वर्षं इथे राहून! लाज वाटली. मग जमेल तसं वाचलं, त्याचा हा गोषवारा.

पुण्यातली सारसबाग पेशवेकालीन तळ्याच्या जागी झाली. म्हणजे आधी पाणी हटलं, मग बाग आली. इथे उलटं. मस्कतला वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तेव्हा आधी पाणी आणायचं, मग बागेचं नाव काढायचं.

जुन्या ओमानात पाणी फलजचं. डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारानं गावात आणणारा पाट. प्रत्येकाचा हिस्सा वेळेवर मोजलेला, दिवसा सावली बघून, रात्री तारे बघून. आधी पिण्याला, मग खजुराला, नंतर हंगामी पिकाला. शोभेच्या गवताचा त्यात हिस्सा नव्हता. अशा पाच फलजांना २००६ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

१९७० साली सुलतान काबूस गादीवर आले आणि शहर पसरू लागलं. १९७६ साली घुब्रा इथे समुद्राचं पाणी गोडं करण्याचं काम सुरू झालं. १९९३ साली कुरुमची बाग लोकांना खुली झाली. पण इतकं महागाचं गोडं पाणी गवताला घालणं परवडणारं नव्हे. म्हणून शहरातल्या झाडा-हिरवळीसाठी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरात आलं. थोडक्यात, मावशी, ही हिरवळ आपल्याच मोरीच्या पाण्यावर!

कुरुम म्हणजे अरबीत तिवरं. बागेजवळचं तिवरांचं वन १९७५ पासून राखीव आहे. जून २००७ मध्ये गोनू वादळ आलं, वादी अदई फुगून समुद्राकडे धावली आणि कुरुमच्या सखल भागात घरं-दुकानं पाण्यात गेली. तेव्हा कळलं की वादीच्या तोंडाशी बाग नि तिवरं असणं ही नुसती हौस नव्हे. पुराला पसरायला मोकळी जागा लागते. तिथे इमारती उठल्या असत्या तर आणखी किती संसार बुडाले असते!

असो. माझं मत विचाराल तर बागा सुधारायच्या म्हणजे आणखी कारंजी नकोत. गवत थोडं कमी करावं आणि सावली देणारी इथलीच झाडं वाढवावीत. सिदर ही आपल्या बोरीची बहीण. आणि गाफ म्हणजे तर आपली शमी, दसऱ्याला पूजतो तीच! एकदा मूळ खोल गेलं की ही झाडं फारसं पाणी मागत नाहीत.

फोनवर मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शमी सोडून तुम्ही गवत पूजताय की रे!"

यावर मला पुन्हा उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?

चू. भू. द्या. घ्या.