कॉर्नेलचें कॉम्स्टॉक दांपत्य

क्षुद्र, नगण्य असें कांहीं सांगावयाचें झालें म्हणजे आपल्या भाषेंत किडामुंगीचा दाखला देतात. ज्या प्राण्यांची गणनाच करावयाची नाहीं, त्यांच्या अभ्यासांत आयुष्य घालविणाऱ्या मनुष्याबद्दल लोकांस काय वाटत असेल, याची कल्पना सहज होण्यासारखी आहे. दीडशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील फारच थोड्या विद्यापीठांत कीटकशास्त्रास स्वतंत्र स्थान होतें. तें मिळवून देणाऱ्यांत जॉन हेन्री कॉम्स्टॉक (१८४९–१९३१) व त्यांच्या पत्नी अ‍ॅना (१८५४–१९३०) यांचीं नांवें अग्रभागीं येतात.

जॉन कॉम्स्टॉक तरुणपणीं सरोवरांतील गलबतांवर स्वयंपाक्याचें काम करीत. उपद्रवी कीटकांविषयींचा हॅरिस यांचा ग्रंथ हातीं पडला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल विद्यापीठांत ते आले खरे, परंतु १८७२ सालीं, स्वतः विद्यार्थी असतांनाच, सहाध्यायांच्या विनंतीवरून या विषयावर व्याख्यानें देण्याची पाळी त्यांजवर आली. पुढें १८७९ ते १८८१ पर्यंत ते सरकारी शेतकीखात्याचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ होते. फळबागांचा काळ ठरलेल्या सान होजे खवलेकिडीचें प्रथम शास्त्रीय वर्णन त्यांचेंच. कीटकांच्या पंखांतील शिरांना नांवें देण्याची जी पद्धति त्यांनीं नीडहॅम यांच्या साह्यानें बसविली, ती त्या दोघांच्या नांवानेंच ओळखली जाते.

अ‍ॅनाबाई १८७४ सालीं कॉर्नेलमध्यें विद्यार्थिनी म्हणून आल्या. १८७८ सालीं त्यांचा विवाह झाला. पतीच्या ग्रंथांसाठीं त्या चित्रें काढूं लागल्या व त्याकरितां लाकडावरील कोरीवकाम मुद्दाम शिकल्या. १८९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या कीटकविषयक ग्रंथाची कीर्ति त्यांतील चित्रांसही तितकीच ऋणी आहे.

१८९३ च्या सुमारास शेतीस मंदीनें ग्रासलें, आणि खेड्यांतील तरुण शहरांची वाट धरूं लागले. मुलांस सभोंवतालच्या सृष्टीची गोडी लागली तर त्यांचा ओढा शेतीकडे राहील, या आशेनें शाळांतून सृष्टिनिरीक्षणाचे पाठ सुरू झाले. कॉर्नेलनें संस्थानच्या पैशानें हें कार्य अंगावर घेतलें. शिक्षकांसाठीं पत्रकें लिहिण्यांत व व्याख्यानें देण्यांत अ‍ॅनाबाई अग्रेसर होत्या. १८९८ सालीं त्यांस साहाय्यक प्राध्यापकाचें पद मिळालें. परंतु स्त्रीस तें देणें विश्वस्तांपैकीं कित्येकांस रुचलें नाहीं, आणि लवकरच त्यांस केवळ व्याख्यात्याच्या पदावर आणलें गेलें. गेलेलें पद परत मिळावयास १९१३ साल उजाडलें. पूर्ण प्राध्यापकपद तर १९२० सालीं, निवृत्ति जवळ आल्यावर मिळालें.

मधल्या काळांत, १९११ सालीं, सृष्टिनिरीक्षणावरील त्यांचा प्रचंड ग्रंथ बाहेर पडला. तो तोट्यांत जाईल अशी खुद्द पतीसच भीति होती! प्रत्यक्षांत त्याच्या विसांहून अधिक आवृत्त्या निघाल्या व अनेक भाषांत भाषांतरें झालीं. त्याची रीत साधी आहे : आधीं शिक्षकासाठीं माहिती, नंतर मुलांसाठीं प्रश्न; आणि प्रश्नांचीं उत्तरें पुस्तकांत शोधावयाचीं नाहींत, तर फुलपांखराकडे किंवा मुंगीच्या वारुळाकडे पाहून द्यावयाचीं. शिक्षकास उत्तर ठाऊक नसेल तर त्यानें तसें मोकळ्या मनानें सांगावें, असें बाईंचें आग्रहाचें सांगणें असे.

मूळ हेतु मात्र सफळ झाला नाहीं. १९२० च्या खानेसुमारींत अमेरिकेंतील शहरवासीयांची संख्या ग्रामवासीयांहून प्रथमच अधिक भरली. सुरवंटाचें कोडें सुटल्यानें कर्ज फिटत नसतें, आणि शेतकऱ्याचा मुलगा कर्जापायींच गांव सोडतो. तरीही तें कार्य वायां गेलें असें कोण म्हणेल? जो मुलगा शहरांत गेला तोही डोळे उघडे ठेवण्याची संवय बरोबर घेऊन गेला.

१९२३ सालीं अमेरिकेंतील स्त्रीमतदारांच्या संघानें हयात असलेल्या बारा श्रेष्ठ अमेरिकन स्त्रियांची निवड केली. तींत अ‍ॅनाबाईंचें नांव होतें. विश्वस्तांनीं जें पद रोखलें त्याहून मोठें पद लोकांनीं दिलें. असें होतें म्हणून विद्यापीठाचा दोष कमी होत नाहीं. कारण लोकांची दाद मिळण्याइतकें आयुष्य व चिकाटी प्रत्येकीच्या वांट्यास येतेच असें नाहीं. पतीचें संशोधन विद्यापीठानें तत्काळ ओळखलें. तेंच ज्ञान खेड्यांतील पोरांपर्यंत नेणारीस मात्र वीस-बावीस वर्षें तिष्ठत ठेवलें. ज्ञान मिळविणें व ज्ञान वांटणें यांत उच्चनीचभाव मानणाऱ्या प्रत्येक विद्यापीठानें हा हिशेब एकदां तपासून पाहण्यासारखा आहे.