जनावरांची फिर्याद

प्राणी माणसावर उलटतात ही कल्पना हॉलिवूडची, असा अनेकांचा समज असतो. हिचकॉकचा 'द बर्ड्स' 1963 चा. त्याची मूळ कथा दाफ्ने द्यू मॉरिए यांची, 1952 ची. तिच्यात इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर पक्षी घरांवर तुटून पडतात. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. वाचकाला महायुद्धातले हवाई हल्ले आठवत राहतात. त्याआधी 1917 मध्ये वेल्श लेखक आर्थर मॅकेन यांचे 'द टेरर' पुस्तकरूपाने आले. पहिले महायुद्ध चालू आहे आणि घोडे, मेंढ्या, मधमाश्या, अगदी पतंगसुद्धा माणसांचे जीव घेत आहेत. संशय जर्मनांवर जातो. पण लेखक सुचवतो ते कारण वेगळे आहे: माणसाने आपले आत्मिक राजेपण सोडले, म्हणून प्रजा उलटली.

इथे मला बसऱ्याचे 'इख्वान-उस-सफा' आठवतात. दहाव्या शतकातल्या या विद्वान मंडळाच्या 52 रिसाल्यांपैकी 22 व्यात जनावरे जिन्नांच्या बादशहाकडे माणसाविरुद्ध फिर्याद नेतात. माणसे म्हणतात, आम्ही मालक, हे गुलाम; आणि कुरआनातल्या आयती पुढे करतात. खेचर उत्तर देते की त्या आयतींत अल्लाहच्या नेमतींचा उल्लेख आहे, मालकीचा नाही. माणूस मग रूप, अक्कल, कारागिरी सांगतो. प्रत्येक मुद्द्याला जनावरांकडे उत्तर आहे. अखेर निकाल माणसाच्या बाजूने लागतो, पण तो आखिरतच्या आधारावर. मरणानंतर उठून हिशेब द्यायचा आहे तो माणसाला.

मौलवी इक्राम अली यांनी 1810 मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी या कथेचा उर्दू तर्जुमा केला. मालकीचा पुरावा मागणारे हे पुस्तक कंपनीचे गोरे अधिकारी आपली भाषा शिकण्यासाठी वाचत होते, हे विशेष.

भयकथेत आणि या रिसाल्यात मला एकच फरक दिसतो. रिसाल्यात जनावरांचे ऐकून घेणारे कोणी तरी आहे. भयकथेत अदालतच नाही, म्हणून चोच आणि खूर बोलतात.

सूरह अनआममध्ये (आयत 38) पशुपक्ष्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. खिलाफत ही अमानत आहे, हे आपल्या मुलांना सांगताना बैल, कोंबडी आणि गल्लीतले कुत्रेही त्या हिशेबात आहेत, हे सांगायला हवे.