बाळोत्यांचा हिशेब

बाळाची चाहूल लागली की परदेशातल्या मराठी घरात दोन विषयांवर हमखास मतं पडतात. एक नाव आणि दुसरा लंगोट. नावाचा प्रश्न लवकर सुटतो, कारण अमेरिकेतल्या इस्पितळात घरी जायच्या आधीच दाखल्यासाठी नाव मागतात. लंगोटाचा प्रश्न मात्र पुढची दोन-अडीच वर्षं दिवसातून सहा-आठ वेळा समोर येतो. आजी भारतातून जुन्या सुती साड्यांची बाळोती बॅगेत घालून आणते, मैत्रिणी डायपरची खोकी भेट देतात, आणि शेजारची पर्यावरणवादी आई बटणांचे रंगीत कापडी लंगोट दाखवून जाते. तिघींचं म्हणणं तिघींच्या परीनं बरोबर असतं. तुम्ही निर्णय घ्यायच्या आधी हा प्रश्न इथवर कसा आला ते पाहिलं, तर निवड थोडी सोपी होईल.

आधी शब्द पाहू. ‘डायपर’ हे मुळात बाळाच्या वस्त्राचं नाव नव्हतंच. मध्ययुगीन युरोपात चौकटीचौकटीच्या विणीच्या पांढऱ्या कापडाला ते नाव होतं. त्या कापडाचे टेबलरुमाल होत, टॉवेल होत आणि बाळाचे लंगोटही होत. पुढे कापड विस्मरणात गेलं आणि नाव लंगोटाला चिकटलं. इंग्लंडमध्ये ‘नॅपकिन’चं ‘नॅपी’ झालं. म्हणजे तिथेही बाळाखाली जायचं ते घरातलंच फडकं. आपल्याकडे बाळोतं, दुपटं, लंगोट असे वेगवेगळे शब्द आहेत, कारण बाळाखाली अंथरायचं, गुंडाळायचं आणि बांधायचं कापड वेगळं असे.

हे कापड बहुतेक घरांत विकत आणलेलं नसे. नऊवारी साडी किंवा धोतर वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालं, विरलं, की त्याचे तुकडे होत. चांगल्या भागाची दुपटी, उरलेल्याची बाळोती आणि त्यातूनही उरलेल्याची गोधडी. नव्या कोऱ्या कापडाला खळ असते, ते बाळाच्या अंगाला टोचतं आणि ओलही नीट शोषत नाही. जुनं कापड दोन्ही बाबतींत उजवं. त्यामुळे तान्ह्याला पहिले दिवस जुनंच वापरायचं या रीतीत काटकसर होती तशी समजूतदारपणाचीही बाजू होती. मूल बसतं झालं की आजी त्याला दोन पायांवर घेऊन ‘सू-सू’ करत असे, म्हणजे बाळोत्यांची संख्याही आटोक्यात राही.

इथवर ऐकून ‘बघा, आपलं जुनंच बरं होतं’ असं म्हणावंसं वाटतं. जरा थांबा. ती बाळोती धूत कोण होतं?

बाळंतपण माहेरी होई. तिथे आई, काकू, मावशी, न्हाऊ घालायला येणारी बाई, आणि ऐपत असेल तर धुण्याची बाई असे. पाणी विहिरीवरून किंवा नळावरून भरून आणायचं. पावसाळ्यात मूल जन्मलं तर घरभर वलणी आणि शेगडीच्या उबेवर सुकणारे तुकडे. या सगळ्या कामाचा हिशेब कुठे लिहिला गेला नाही, कारण ते करणाऱ्या सगळ्या बायका होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचजणी एक तर नात्यातल्या होत्या नाही तर अगदी थोड्या पैशांवर राबणाऱ्या. कापडाची पद्धत स्वस्त होती ती या मनगटांच्या जोरावर.

पश्चिमेतही गोष्ट फार वेगळी नव्हती. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनं १८४९ साली सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं. त्या पिनेनं लंगोटाची गाठ गेली, धुणं मात्र तसंच राहिलं. १९३०च्या दशकात अमेरिकन शहरांत लंगोट धुऊन देणाऱ्या कंपन्या निघाल्या. आठवड्याला गाडी यायची, मळलेले घेऊन जायची, उकळून स्वच्छ केलेले देऊन जायची. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत कामाला लागल्या तेव्हा या धंद्याला बरकत आली. हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे, कारण कागदी डायपर येण्याच्या आधीच प्रश्न नेमका समोर आला होता. आई कामावर गेली तर धुणार कोण?

त्याची उत्तरं आधी आयांनीच शोधली. कनेक्टिकटमधल्या मॅरियन डोनोव्हननं १९४६ साली न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा कापून शिवणयंत्रावर लंगोटावर घालायचं जलरोधक आवरण शिवलं. पुढे त्यासाठी पॅराशूटचं नायलॉन वापरलं आणि पिनेऐवजी दाबाची बटणं लावली. कारखानदारांनी दाद दिली नाही, तेव्हा तिनं ते १९४९ साली न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू दुकानात विकायला ठेवलं. १९५१ मध्ये तिनं हक्क दहा लाख डॉलरना विकले. त्यानंतर वापरून फेकायचा कागदी लंगोट करायची तिची कल्पना मात्र कुणी उचलली नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन ही लष्करी अधिकाऱ्याची बायको तिसऱ्या मुलाच्या धुण्याला कंटाळली होती. तिनं जुन्या पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी शिवली आणि आत कागदी लगदा व कापसाची फेकायची घडी बसवली. नाव ठेवलं ‘पॅडी’. ओळखीच्या आया मागू लागल्या, तशा तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेकडो शिवून दिल्या. अखेर चेस्टरफील्डच्या रॉबिन्सन्स कंपनीनं उत्पादन हाती घेतलं आणि १९५०च्या सुमारास पॅडी बूट्सच्या दुकानांत आली. युद्धकाळात कापसाची टंचाई झाल्यानं स्वीडनमध्येही कागदाच्या घड्यांचा प्रयोग झाला होता. तीन देशांत जवळपास एकाच वेळी हीच धडपड चालली होती.

मग मोठं भांडवल आलं. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले व्हिक्टर मिल्स हे रसायन अभियंते. नातवंडांचे लंगोट बदलण्याचा त्यांना कंटाळा होता असं सांगतात. कंपनीनं १९५७ मध्ये कागदाची गिरणी घेतली होतीच. पहिली चाचणी टेक्ससमधल्या डॅलसच्या उकाड्यात झाली आणि प्लॅस्टिकच्या चड्डीला आयांनी नाकं मुरडली. सुधारलेला ‘पॅम्पर्स’ १९६१ साली इलिनॉयमधल्या पिओरिया गावात विकायला ठेवला, एक नग दहा सेंटला. आयांना वस्तू आवडली, किंमत आवडली नाही. घरी धुण्याचा खर्च एका लंगोटाला सेंट-दीड सेंट आणि धुणाऱ्या कंपनीचा साडेतीनच्या आसपास असताना दहा सेंट कोण देणार? मग यंत्रं सुधारून किंमत सहा सेंटांपर्यंत उतरवली आणि खप वाढू लागला. म्हणजे त्या आया फक्त सोय विकत घेत नव्हत्या. त्या आपल्या वेळाची किंमत ठरवत होत्या, आणि दहा सेंट जास्त असले तरी सहा त्यांना पटले.

पिओरियाचा आणखी एक योगायोग आहे. महायुद्धात पेनिसिलीनचं मोठं उत्पादन शक्य करणारी अमेरिकी कृषिखात्याची प्रयोगशाळा याच गावातली. तिथेच १९७०च्या दशकात मक्याच्या स्टार्चपासून आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिणारा पदार्थ तयार झाला. अशा अतिशोषक पदार्थांची पुढची पिढी १९८०च्या दशकात जपानमध्ये आणि मग अमेरिकेत डायपरमध्ये आली. त्याची पूड ओल धरून तिचा घट्ट गर करते, त्यामुळे डायपर पातळ झाले आणि बाळ रात्रभर कोरडं राहू लागलं. याची एक बाजू अशी की मुलाला ओलं झाल्याचं कळेनासं झालं. कापडाच्या दिवसांत दीड-दोन वर्षांचं मूल बहुधा लंगोटातून सुटे, आता तीनपर्यंत जाणं नेहमीचं आहे. ‘मूल तयार होईल तेव्हाच शिकवा’ हा बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांचा १९६२ सालचा सल्ला त्याला पूरक ठरला. हेच डॉक्टर १९९०च्या दशकाच्या शेवटी पॅम्पर्सच्या जाहिरातीत दिसले, आणि त्यावरून बरीच चर्चाही झाली.

१९९०च्या आसपास कचऱ्याचा वाद पेटला. डायपर कंपनीनं पैसे दिलेल्या अभ्यासात कागदी डायपर निर्दोष ठरला आणि लंगोट धुणाऱ्यांच्या संघटनेनं करवलेल्या अभ्यासात कापड निर्दोष ठरलं. आपल्याकडे वकील ज्याचा, निकाल त्याचा म्हणतात, तसंच. ॲरिझोना विद्यापीठातले पुराणवस्तूतज्ज्ञ विल्यम राथजे यांनी तर थेट कचऱ्याचे डोंगर खणले. लोकांना वाटे की तिथली पाव जागा डायपरनं व्यापली असेल. प्रत्यक्षात ती दोन टक्क्यांपेक्षाही कमी निघाली. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०१८च्या आकड्यांत शहरी कचऱ्यात डायपरचा वाटा १.४ टक्के आहे. मात्र टक्के लहान असले तरी वजन ४१ लाख टन आहे, हेही विसरू नका.

सर्वांत उपयोगी आकडे ब्रिटनच्या सरकारी अभ्यासांत सापडतात. २००८च्या अहवालानुसार एका मुलाच्या अडीच वर्षांत कागदी डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं आणि कापडी लंगोटामुळे सुमारे ५७०. म्हणजे जवळपास बरोबरी. पण गंमत पुढे आहे. कापड दोरीवर वाळवलं, मशीन भरून चालवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर कापडाचा आकडा ४० टक्क्यांनी उतरतो. सगळं ड्रायरमध्ये वाळवलं तर ४३ टक्क्यांनी चढतो. २०२३च्या नव्या अभ्यासात मशिनं आणि वीज दोन्ही सुधारल्यानं कापड पुढे गेलं आहे, ३४५ किलो विरुद्ध ४५७. कागदाचा भार कारखान्यातच ठरून येतो. कापडाचा भार तुमच्या घरात ठरतो.

आता आपल्या परिस्थितीकडे या. आखाती देशात राहत असाल तर ऊन फुकट आहे, पाणी मात्र बहुतांश समुद्राचं गोडं केलेलं. लंडनमध्ये पाणी आहे, ऊन नाही. अमेरिकेत दोन्ही असूनही अनेक वसाहतींच्या नियमांत अंगणात कपडे वाळत घालायला मनाई असते. फ्लोरिडा, व्हरमाँटसारख्या काही राज्यांना त्यासाठी ‘वाळवण्याचा हक्क’ देणारे कायदे करावे लागले. दोरीवरच्या धुण्यानं घरांच्या किमती उतरतात असं मानणाऱ्या देशात आजीची बाळोती वाळणार कुठे? त्यात बरीच पाळणाघरं कापडी लंगोट घेत नाहीत आणि सार्वजनिक धुलाईयंत्रांच्या दुकानांत ते धुवायला बंदी असते. म्हणून ज्यांच्या घरी मशीन नाही त्या गरीब आयांना स्वस्तातला पर्याय उरतच नाही, आणि सरकारी अन्नमदतीच्या पैशांतून डायपर घेता येत नाहीत. ‘कापड वापरा, पैसे वाचवा’ हा सल्ला मशीनवाल्या घरालाच लागू पडतो.

आणखी एक हिशेब तुमच्या सुट्टीतल्या भारतवारीचा. पुण्यात उन्हाळ्यात बाळाला घेऊन जाता, सोबत डायपरचं खोकं असतं. ते टाकल्यावर कुणाच्या हाताला लागतात? पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक घरोघरी कचरा गोळा करतात आणि त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया आहेत. उघडे टाकलेले पॅड आणि डायपर हातानं वेगळे करावे लागतात म्हणून त्यांनी २०१३ साली वापरलेले पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले. त्यांनीच कागदात गुंडाळून लाल ठिपका काढायची मोहीम चालवली. २०१६च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावं असं कलम आलं. तुम्ही पुण्यात असाल तर डायपर गुंडाळा आणि लाल ठिपका काढा. त्याला अर्धं मिनिट लागतं.

मग ठरवायचं काय? घरात मशीन, वाळवायला जागा आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर कापड घ्या, आणि ड्रायर शक्यतो बंद ठेवा. पाळणाघर, प्रवास, रात्रीची झोप यांसाठी कागदी ठेवलं तर पाप लागत नाही. दिवसाचे दोन डायपर वाचले तरी अडीच वर्षांत अठराशे होतात. आणि ओली बाळंतीण असताना, टाके ओढत असताना, नवं बाळ अंगावर असताना पहिले सहा आठवडे कुणी तिला कापडाचा आग्रह करू नये.

राहता राहिला खर्चाच्या वहीत कधीच न लिहिलेला आकडा. निर्णय घ्यायच्या रात्री नवरा-बायकोनं एक कागद घेऊन त्यावर वार लिहावेत आणि प्रत्येक वारापुढे धुण्याचं नाव. आजीला सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी बोलावलं असेल तर तिचं नाव या कागदावर घालू नये. तिनं आणलेल्या बाळोत्यांसाठी तिला धन्यवाद द्यावेत आणि बाळ मांडीवर द्यावं. सातही वारांपुढे एकच नाव आलं, तर कापड की कागद हा तुमचा प्रश्न अजून पुढचा आहे, आधी कागद पुन्हा लिहा.