होन्या केंगल्याचे बंड

होन्या केंगल्याचे बंड : (१८७३–७६). पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी जमातीतील होन्या भागोजी केंगले याने सावकारांविरुद्ध केलेला सशस्त्र उठाव. होन्या हा आंबेगाव भागातील जांभोरी गावचा. ब्रिटिश दप्तराने त्याची नोंद दरोडेखोर म्हणून केली. जमातीच्या स्मृतीत मात्र तो अन्यायाचा प्रतिकार करणारा नायक ठरला.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी : नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतच्या या मुलखात कुकडी, मीना व घोड या नद्यांची खोरी असून घाटमाथ्यावर दाट अरण्य आहे. नाचणी, वरई व भात ही येथील पिके, तर हिरडा हे वनोपज होय. महादेव कोळ्यांचे नायक पूर्वी गडकोटांची व घाटवाटांची राखण करीत. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर गडांवरील शिबंदी कमी करण्यात आली आणि अनेकांची उपजीविका बुडाली. १८२९-३० मधील रामजी भांगरे याच्या बंडामागे हे एक प्रमुख कारण होते. १८३९ मध्ये बंडखोरांच्या टोळ्या घोडेगावच्या खजिन्यावर चालून गेल्या; परंतु सहायक जिल्हाधिकारी रोझ याने खजिना वाचविला. पुढे राघोजी भांगरे याच्या उठावात सावकार हेच मुख्य लक्ष्य झाले. राघोजीला पंढरपूर येथे पकडण्यात येऊन १८४८ मध्ये ठाणे येथे फाशी देण्यात आली.

कारणे : नव्या जमीनमहसूल पद्धतीत सारा रोख व ठराविक मुदतीत भरावा लागे. डोंगरी शेतकऱ्याजवळ रोकड नसे. पावसाळ्यात घरातील धान्यही संपे. सारा व खावटी या दोहोंसाठी त्याला सावकाराकडे जाणे भाग पडे. पूर्वी कर्जवसुलीवर गावकीचा काही दाब असे. दिवाणी न्यायालये आल्यावर लेखी रोख्याला निर्णायक महत्त्व आले, आणि ऋणको बहुधा निरक्षर होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोला संरक्षण मिळावे हा त्यामागील एक हेतू होता. प्रत्यक्षात सावकार मुदत संपण्यापूर्वी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. समन्सची दाद न घेणाऱ्या वा तिचा अर्थच न उमगलेल्या कुळांविरुद्ध एकतर्फी हुकूमनामे होत आणि जमीन हातची जाई.

बंडाची वाटचाल : होन्याला नाशिकच्या उत्तरेपासून पुण्याच्या दक्षिणेपर्यंतचा डोंगराळ प्रदेश परिचित होता. १८७३ मध्ये त्याने शिस्तबद्ध टोळी उभारून पुणे, नाशिक, अहमदनगर (आता अहिल्यानगर) व ठाणे या जिल्ह्यांत सावकारांच्या घरांवर छापे घातले. कित्येक सावकारांची नाके कापण्यात आली. ही शिक्षा क्रूर होती आणि तिचा अर्थही उघड होता; कारण सावकारी पतीवर व अब्रूवर चालते आणि नाक कापणे म्हणजे अब्रू घेणे, ही समजूत लोकांत रूढ होती.

१८७४ मध्ये शासनाने कर्नल स्कॉट व डब्ल्यू. एफ. सिंक्लेअर यांच्या हाताखाली १७५ सशस्त्र पोलिसांची खास तुकडी नेमली. होन्याला पकडून देणाऱ्यास एक हजार रुपये व त्याच्या साथीदारांसाठी दोनशे ते सहाशे रुपयांपर्यंत इनाम जाहीर झाले. तरीही तो दोन वर्षे हाती लागला नाही. अखेर १८७६ मध्ये मेजर एच. डॅनियल याने त्याला पकडले. याच डॅनियलने १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांना अटक केली.

याच सुमारास, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील सुपे येथे शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले. तेथे जमावाने उघडपणे सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. डोंगरात तेच वैर निवडक टोळीने शस्त्राने चालविले. दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला व १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत होऊन रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. [→ दख्खनचे दंगे].

मूल्यमापन : धनवंताला लुटणाऱ्या चोराविषयी लोकांना वाटणारे आकर्षण सार्वत्रिक आहे. फ्रेंच लेखक मॉरिस लब्लां याने १९०५ मध्ये आर्सेन ल्युपँ हा सभ्य चोर निर्माण केला. त्यावरील दूरचित्रवाणी मालिका १९७१–७४ या काळात गाजली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांचा ‘काळापहाड’ याच कुळातील होय. ल्युपँची चोरी हा बुद्धीचा खेळ आहे. होन्याच्या लुटीमागे एका जमातीची उपासमार होती. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम याने अशा बंडखोरांना ‘सामाजिक दरोडेखोर’ म्हटले आहे : कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार, पण आपल्या समाजाच्या दृष्टीने रक्षणकर्ता. होन्याला ही संज्ञा बऱ्याच अंशी लागू पडते. तथापि व्यक्तिगत सावकाराला भयभीत करून सावकारीची मुळे उखडली गेली नाहीत. ती महसूल व न्याय यांच्या व्यवस्थेत होती. त्या व्यवस्थेने निर्माण केलेला असंतोष डोंगरपट्ट्यातही किती खोल गेला होता, याची साक्ष म्हणून या बंडाला महत्त्व आहे.