जात्याजवळची मूठ

 

दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिकेत कुणी विणेकऱ्यांवर लिहील, कुणी फडावर लिहील. आमचं शिक्षण चौथी, म्हणून आम्ही जातं आणि गाडगं एवढ्यावरच लिहितो. कारण ही दिंडी चालली ती मुठीवर.

जुनी रीत अशी होती. पहाटे बाई दळायला बसली की पाटीतल्या जोंधळ्यातली एक मूठ आधी बाजूच्या गाडग्यात पडायची, मग पहिला घास जात्यात. एकादशीला दोन पोरं पोतं घेऊन घरोघर फिरायची आणि गाडगी रिकामी करायची. कुणी किती टाकलं हे मोजायचं नाही, वहीत लिहायचं नाही. ज्या घरात तान्ह्या लेकरांचेच वांधे, तिथली मूठ लहान असायची, पण गाडगं त्या घरीही असायचंच. आमची आजी म्हणायची, "आपल्या दारातनं रिकामं पोतं जाऊ द्यायचं न्हाई, बास."

आता हिशेब बघा. एक मूठ म्हणजे पन्नासेक ग्रॅम. वर्षाला झाले अठरा किलो. चाळीस घरांचे सात क्विंटल. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अठरा-वीस दिवस नव्वद माणसांना दोन वेळच्या भाकरीला एवढा जोंधळा पुरतो. सावकाराच्या दारात न जाता गरिबांची दिंडी कशी चालली, असं कीर्तनात लोक विचारतात. अशी चालली.

हे काही आपल्याच गावचं नवल नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं त्यांची वसतिगृहं ह्याच मुठीवर जगली. मुष्टिफंड म्हणत त्याला. बाया दळणातली मूठ काढून ठेवायच्या आणि ते धान्य बोर्डिंगातल्या पोरांच्या ताटात जायचं. सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला. त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला होता, माणसी वर्षाला एकच पैसा. त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथली पोरं माधुकरी मागून शिकली. माधुकरी म्हणजे तरी काय, दर घरची चतकोर भाकरी.

आणि गाडगेबाबा. त्यांनी तर दाण्याऐवजी घाम मागितला. गावात आले की आधी खराटा, रात्री कीर्तन. आमच्या दिंडीतली झाडायची पाळी त्यांचं बघूनच लागली, असं जुनी माणसं सांगत. मुक्काम सोडताना टाळकरी असो की पखवाजी, पाळी आली की राहुटीची जागा झाडूनच निघायचं. पाणी भरणं, चुली थापणं, पंगतीत वाढणं, सगळ्याला पाळी. एकदा एका बुवांनी आपण कीर्तनकार म्हणून झाडायला नकार दिला. ते बुवा म्हणजे आम्हीच, वय पंचवीस. विणेकऱ्यांनी काही न बोलता आमच्या वाटणीचं झाडलं. पुढल्या मुक्कामाला खराटा आम्ही मागून घेतला.

बाहत्तरचा दुष्काळ मात्र कठीण. आम्ही बारा-तेरा वर्षांचे, शाळा सुटलेली, खडी फोडायला जात होतो. खायला सुकडी आणि अमेरिकेचा तांबडा मिलो. लोक म्हणाले, यंदा गाडगी पालथी घाला. तेव्हा आजी मंडपात उठून उभी राहिली. बाईमाणूस मंडपात बोललेलं आम्ही पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, "मूठ जमत नसंल तर चिमूट टाका. पण हाताची सवय मोडू नगा, मोडली तर परत लागायची न्हाई." चिमटी पडत राहिल्या. जे साठलं ते त्या साली पंढरीला गेलं नाही. ज्या घरची चूल पेटत नव्हती त्यांच्या उंबऱ्यावर रात्री ठेवलं गेलं, नाव न घेता. दिंडी निघाली ती आठ माणसांची, ज्याची त्याची शिदोरी. आमच्या मते ह्या शंभर वर्षांत दिंडी खरी मोठी झाली ती त्या साली.

पुढं गिरणी आली, जाती अंगणात पालथी पडली आणि मुठीची जागाच गेली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका धनिक माणसानं सगळा खर्च एकट्यानं उचलला. ट्रकवर फोटो, पुढं फलक. आम्हीसुद्धा माना डोलावल्या, खोटं कशाला सांगू. गाडगी सुटली. दोन साल थाटात गेली, तिसऱ्या साली त्या गृहस्थानं हात आखडला. ज्येष्ठ निम्मा उलटला आणि दिंडीकडं दाणा नव्हता. घरोघर फिरलो तर एक सूनबाई म्हणाली, "बाबा, दिंडी आता आमची कुठं ऱ्हायली?" तिचं काय चुकलं? त्या साली उसनवारीवर निघालो आणि ते देणं फेडायला दोन सुग्या गेल्या.

मग आजीच्या बोलण्याची आठवण झाली. गिरणीवाल्याला विचारून तिथं एक पत्र्याचा डबा ठेवला. दळण आणणारानं दळायच्या आधी दाण्याची मूठ टाकायची. पीठ नको, पिठाला आळी लवकर लागते. पहिल्या महिन्यात डब्याचा तळसुद्धा झाकला नव्हता. पण पोरीबाळी दळण घेऊन येतात, त्यांना डब्यात दाणे टाकायची मजा वाटली आणि त्यांच्या हातालाच आधी सवय लागली. 2020 साली पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारी घरातच झाली, तेव्हा डबा भरलेला होता. ते धान्य पुण्या-मुंबईहून पायी परतलेल्या माणसांना वाटलं.

आता गिरण्या दोन झाल्या, डबे तीन. एक डबा रेशनच्या दुकानाजवळ आहे, त्यात तांदूळ पडतो, तो खिचडीला होतो. दर एकादशीला डबे रिकामे करायला दोघं लागतात. आमच्या गुडघ्यानं आता पोतं उचलवत नाही. ज्याला जमेल त्यानं येत्या एकादशीला सकाळी आठला गिरणीपाशी यावं, चाळण आम्ही घेऊन येतो.